साखऱ्याच्या माळावरचा लिंब

साखऱ्याच्या माळावरचे काही लिंब, म्हणजे कडुलिंब, मी अभ्यासाला घेतले होते. अट एकच: पावसाखेरीज त्यांना पाणी मिळता कामा नये. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पानाला रंध्रं, म्हणजे हवा-पाण्याची बारीक छिद्रं, थोडी मिटूनही अन्न तयार करता येतं, आणि पाणी कमी उडतं. पण कोरड्या मातीत, मे महिन्याच्या दुपारी, झाडं नेमकं काय करतात ते मला मोजायचं होतं.

सोजरामावशींच्या घरामागचा लिंब वेगळा निघाला. दुपारी बाकीच्यांची रंध्रं मिटत, याची उघडी असत. तो खरोखरच तसा असेल, तर माझा सगळा प्रबंध त्याच्यावर उभा राहणार होता.

रंध्रांचा ठसा घ्यायला मी पानाला बिनरंगाचं नेलपॉलिश लावायची. मावशी बाजेवरून बघत असायच्या.

“झाडाची नखं रंगवून राहिली, अन् सोताची बघ, कोंबडीवानी!”

कळमनुरीच्या माझ्या खोलीवर कोणी बोलायला नसे. इथे मी जरा सावकाशच काम करायची.

एकदा उजाडतानाचं मोजमाप हवं होतं, म्हणून लवकर पोचले. मावशी लिंबाच्या बुंध्याशी कळशी रिती करत होत्या. मग ओलीवर त्यांनी पाचोळा सारला.

“मावशी, रोज घालता?”

“व्हय, शिमग्यापासून. हापसा काय लांब हाये?”

“पण कशासाठी?”

“मागल्या साली शाळेजवळचा लिंब वाळला. तवापासून तू तिकडं फिरकली का? याला पानं राहिली तर येशील. लेकरं पुण्याला. म्या काय कोंबड्यांशी बोलू?”

मी बाजेवर बसले. ओल्या मातीतलं कुठलंही झाड करेल तेच या झाडाने केलं होतं.

“पाणी घातलेलं झाड मला चालत नाही, मावशी.”

“मग उद्यापासून न्हाई घालत.”

“आता उपयोग नाही. याचे आकडे काढून टाकावे लागतील.”

मावशी कळशीचा काठ पदराने पुसत राहिल्या.

“म्हंजे तू येणार न्हाईस.”

‘तशीच येईन की’ एवढंच म्हणायचं होतं. मी फांदीला बांधलेली, माझ्या क्रमांकाची पत्र्याची चकती सोडवण्यात वेळ घालवला. गाठ सुटली तेव्हा मावशी आत गेलेल्या होत्या.

पुढचा लिंब नाल्यापलीकडे होता. तिथे पानाला यंत्र लावून मागे पाहिलं. मावशी बाहेर येऊन पुन्हा बाजेवर बसल्या होत्या, माझ्याकडे तोंड करून.