दे गं पाय

"बाबा, माझ्या दारात तरी तो कागद काढू नका," लेक म्हणाली आणि कप असा आदळला की अर्धा चहा बशीत आला.

म्हाताऱ्या नालबंदाने बशी तोंडाला लावली. जन्मभर घोड्यांना नाल ठोकून त्याची पाठ वाकली होती. आता तो दारोदार सह्या गोळा करत हिंडायचा. भर उन्हात घोडा गाडीला जुंपायचा नाही, असा कायदा राज्यात व्हावा म्हणून. सह्या ढीगभर झाल्या होत्या, पण मोहीम चालवणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या होत्या, "काका, एक तरी गाडीवाला हवा. नाहीतर आमदार म्हणतील, ही रिकामटेकड्यांची हौस आहे. कायदा बारगळेल."

गाडीवाला घरातच होता. जावई.

"मामा, दुपारीच तर गिऱ्हाईक असतं," तो चाबकाची वादी ताणून बघत म्हणाला. "सही करून स्वतःच्याच पोटावर पाय देऊ?"

"तुमची घोडी त्या वळणावर उन्हानेच पडून मेली ना, जावईबापू?"

"वय झालं होतं तिचं."

"मग आता सगळे घोडे दुपारी नेमके तिथेच का थबकतात?"

"ऊन डोळ्यांवर येतं म्हणून."

"परवा तर ढगाळ होतं," लेक हळूच म्हणाली. "तरी थांबलाच की आपला नवा घोडा."

"तू गप गं!" जावई उठून गाडी जुंपायला गेला.

दुपारी नालबंद आपलं बुटकं स्टूल घेऊन वळणावर गेला. दुकानं मिटलेली, रस्ता पांढराफटक. जावयाची गाडी रिकामीच परत येत होती. वळणाशी नवा घोडा थबकला. कान टवकारले, आणि कुणाला तरी जागा करून द्यावी तसा तो एक पाऊल बाजूला सरला. चाबूक कडाडला. घोडा नुसता थरथरला.

नालबंदाने रिकाम्या रस्त्यापुढे स्टूल मांडलं, कमरेला मांड्या झाकणारं चामडं बांधलं आणि मांडीवर थाप मारली.

"दे गं पाय. दे, राणी."

याच थापेवर ती घोडी पाय द्यायची, आणि देता देता निम्मं अंग त्याच्यावर टाकायची. लाडोबा म्हणून दर वेळी बोलणी खायची.

मांडीवरचं चामडं दबलं. गोल, खुराएवढं. म्हाताऱ्याची पाठ आणखी वाकली. स्टुलाचे पाय करकरले. हवेत घोड्याच्या ओल्या घामाचा वास पसरला. जावयाचा घोडा तर अजून कोरडा होता.

"मामा... उठा. घरी चला."

"तापलाय हो खूर. निखारा नुसता." नालबंद फुंकर घालत होता, बाळाच्या भाजलेल्या बोटावर घालावी तशी.

जावई खाली उतरला. चाबूक गाडीतच राहिला. त्याने आधी घोडा सोडला, सावलीत नेऊन बांधला.

"कागद कुठंय?" तिथूनच त्याने विचारलं.

"खिशात. पण मला हात काढवत नाही. हिचा पाय अजून माझ्याकडे आहे."

जावई पुढे आला. मोकळ्या रस्त्यावर त्याने मोठा वळसा घेतला, कुणाला धक्का लागू नये असा, आणि पलीकडून वाकून सासऱ्याच्या खिशातला कागद हळूच काढला.