कुसाआत्यानं घासलेली राणी

सिन्नरला कुसाआत्याच्या परसात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. गोठ्याच्या पत्र्यावर पोरं चढलेली, खड्ड्याभोवती अख्खी आळी जमलेली. खड्ड्यातून नुकताच पितळी तांब्या निघाला होता, तांब्यातून राणीछाप सोन्याचं नाणं निघालं होतं, आणि नाण्यात चक्क तोंड दिसत होतं!

"भूमातेचं काळीज हाय हे!" सावळीराम महाराज गरजले. अंगात भगवी कफनी, मनगटावर इंपोर्टेड घड्याळ. "ज्याचं मन निर्मळ, त्यालाच यात मुखदर्शन!"

झालं! आता 'मला नाही दिसत' म्हणायची कोणाची छाती आहे? तसं ते सगळ्यांनाच दिसत होतं. घासलेल्या ताटातही दिसतं, पण ताटापुढे कोणी नारळ फोडत नाही.

तृप्ती गर्दीतून वाट काढत पुढे आली. ही आत्याची भाची, नाशकात गंगापूर रोडला दातांची डॉक्टर, आणि जुनी नाणी जमवायचा भारी नाद. महाराजांची चांगली हजेरी घ्यायची, असं ठरवूनच ती आली होती. पण नाणं पाहिलं आणि बाईसाहेबांच्याच तोंडाला पाणी सुटलं. आरशासारखी लख्ख पार्श्वभूमी, तिच्यावर दुधाळ, खरखरीत राणी. हे तर प्रूफ नाणं! म्हणजे बाजारात चालवायला नव्हे, नमुना म्हणून पाडलेलं. साचा घासूनपुसून लख्ख करायचा, चकतीवर सावकाश दोनदा ठोका द्यायचा आणि नाणं थेट मखमली डबीत ठेवायचं. असं सोन्याचं नाणं तिनं आजवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं. मन म्हणत होतं, खरं असू दे, खरं असू दे!

"सोनं सोन्याला हाक मारतं," महाराज आता मुद्द्यावर आले. "घरच्या लक्ष्मीचं सोनं या तांब्यात घालायचं, तांब्या पुन्हा भूमीत. अमावस्येला उकराल, तर तोंडापर्यंत भरलेला! मधी कोणी उकरलं, तर धनाचा कोळसा. मग आमच्या नावानं बोंब नाय मारायची!"

आत्याचा हात मनगटाकडे गेला. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या दोन पाटल्या म्हणजे तिचं सगळं म्हातारपण. तृप्तीनं तिचा हात धरला.

"आत्या, थांब जरा."

"थांबतेच हाय. आधी ह्या राणीला देव्हाऱ्यात ठेवू दे," असं म्हणत आत्यानं महाराजांच्या हातून नाणं उचललं आणि सरळ मोरीवर जाऊन बसली. अंगावरचं सोनं रिठ्यानं धुवायचं आणि देव्हाऱ्यात जाणारी वस्तू चिंच-राखेनं घासायची, ही तिच्या घरची रीत. राणी झाली म्हणून काय झालं?

"अगं बाई, नको!" तृप्ती किंचाळली. प्रूफ नाण्याला राख? नुसतं बोट लागलं तरी डाग पडतो! तिनं झडप घालून नाणं कडेनं धरलं आणि पर्समधलं भिंग लावलं.

इतकी वर्षं मातीत पडलेल्या नाण्यावर ओरखडा नाही? आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत हे बारीक फोड कसले? असे फोड ती रोज बघायची. दाताची टोपी ओतताना साच्यात हवा राहिली की हेच होतं. ठोकून पाडलेल्या नाण्याला फोड येतीलच कसे? हे तर ओतीव, वरून पॉलिश मारलेलं! तिचा चेहरा आधी उतरला, मग खुलला.

"आत्या, घास! चांगली रगडून घास!"

"येडी का खुळी तू? आत्ता तर नको म्हणालीस!"

"आता म्हणतेय ना, घास!"

"पाप लागंल! कोप होईल!" महाराज ओरडले. पण आत्याचा हात सुरू झाला होता. राणीचं नाक लाल झालं, मग गाल. मुलामा राखेत गेला आणि आतून तांबं बाहेर आलं.

"अगं बया!" आत्या म्हणाली. "हिचा तर पार तांब्याचा बंब झाला!"

महाराज झोळी उचलून निघाले, ती तृप्तीनं ओढली. आतून दुसरा तांब्या घरंगळला. हुबेहूब तसाच, लाल फडक्यानं तोंड बांधलेला आणि खड्यांनी भरलेला.

"हा पुरायचा आणि पाटल्यांचा तांब्या झोळीतून पळवायचा. अमावस्येपर्यंत उकरायचं नाही, ते त्यासाठी," तृप्ती म्हणाली. "आत्या, पहिला तांब्या मातीत गेला कधी?"

"काल भूमिशुद्धी म्हणून ह्यानंच आमाला घरात कोंडलं होतं की!" आत्या कडाडली. लोकांनी महाराजांना कफनीसकट धरून पोलीस चौकीवर नेलं.

"पण पोरी, नाणं खरं असतं तर?" आत्यानं विचारलं.

"तर तुझ्या राखेनं आरसा गेला असता आणि मी इथेच भोकाड पसरलं असतं. पण सोनं गेलं नसतं. आत्या, शिकली-सवरलेली मी, तरी मलासुद्धा ते खरंच हवं होतं गं. माणूस तिथंच फसतो."

आत्यानं राखेचे हात धुतले आणि दाराशी रेंगाळलेल्या बायांकडे वळली. "उद्या दुसरा कोणी येईल. तो सांगंल, तपासलं तर कोप होतो. बायांनो, मी तपासलं. हे बघा, पाटल्या माझ्या हातात हायत."