चौदाव्या प्रश्नाला ‘हो’

प्रश्नवाली बाई दोन तऱ्हेच्या घरांत जायची. काही घरांतलं तान्हं झोपेतच, कारण न सांगता, निघून गेलेलं. काही घरांत तान्हं नांदतं. संशोधनाचा दंडकच होता: दोन्हीकडे तेच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच आवाजात, आणि शेवटी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून पडताळायचे. रिकाम्या पाळण्यांचा गठ्ठा भरून झाला होता. नांदत्या घरांतलं हे पहिलंच.

तीन महिन्यांचं बाळ खिडकीपाशी निजलेलं. सासूबाई बाजूला इवल्या मोज्यांच्या जोड्या लावत होत्या. तेरा प्रश्न सुरळीत गेले. चौदावा बाईने वाचला, "बाळाला काही होणार असं, कारण नसताना, तुम्हाला कधी वाटलं का?"

"हिला विचारता?" सासूबाई हसल्या. "अहो, ही आभाळात ढग नसताना छत्री उघडणारी!"

सून हसली नाही. "हो. तीन दिवस झाले. सारखं वाटतं, हा आता जाणार."

"अगं, मन चिंती ते वैरी न चिंती," सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण हातातला मोजा हातातच राहिला.

"ताई, ज्यांची बाळं गेली, त्यांनाही असंच वाटलं होतं का हो?" सुनेने विचारलं.

बाईला रिकाम्या पाळण्यांचा गठ्ठा आठवला. कितीतरी जणींना वाटलं होतं. कुणी ऐकलं नव्हतं. पण बाळं सुखरूप असलेल्या किती आयांना असंच वाटतं, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. धीर द्यावा तर हाती अर्धंच उत्तर. आणि नियम असा, की मध्ये पडलात तर तो कागद बाद.

तिने कागदावर आडवी रेघ मारली. "उठा. डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, ताप पाहिला, पोट चाचपलं. "बाळ ठणठणीत आहे. तुम्ही कधी झोपलात?"

"तीन दिवस झाले."

भीतीने झोप उडाली, की झोप उडाल्याने भीती आली, सुनेलाही सांगता येईना. पाठीवरच निजवा, पाळण्यात उशी नको, दुलई नको, श्वास वेगळा वाटला तर तडक या, एवढं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

घरी येताच सासूबाईंनी उशी ओढून काढली. "जा, पड जरा. मी बसते."

"तुमचा डोळा नाही ना लागणार, आई?"

"नाही गं, बाळा."

सून आडवी झाली ती झोपलीच. बाईने पिशवी उचलली. पुढचं घर वाट बघत होतं. तेवढ्यात तान्ह्याचा श्वास अडला. तान्ह्यांचा श्वास असा क्षणभर थांबत थांबतच चालतो, हे तिला पाठ होतं. तरी तिचा स्वतःचा अडला. मग छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

सासूबाईंनीही तेच पाहिलं होतं. नजर न हलवता त्या कुजबुजल्या, "अजून किती जणींना विचारायचंय हे?"

"एकोणचाळीस."

"मग विचारून झाल्या झाल्या उठत जाऊ नका."

बाई पिशवी मांडीवर घेऊन खाली बसली.