शिट्टीशिवाय उघडलेलं दार

"आज शिट्टी वाजवू नका, बाबा," लेक म्हणाली, आणि कडीवर गेलेला बापाचा हात तिथेच थांबला.

मी टेम्पोतून खाद्याच्या गोण्या उतरवत होतो. माझ्या गोष्टींतलं निम्मं सोडून द्यावं, असं आमची ही सगळ्यांना सांगत फिरते. पण हे त्या निम्म्यातलं नाही.

हा माझा पोल्ट्रीवाला दोस्त. वीस वर्षांत त्याने शेडचं दार शिट्टीशिवाय उघडलं नव्हतं. दोनच सूर, एक खालचा, एक वरचा. आत सहा हजार पक्षी. दार एकदम उघडलं की दचकतात, कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरतात. शिट्टी आली की समजतात, आपलाच माणूस आहे. यम आला तरी हा त्याला आधी शिट्टी वाजवायला लावेल, असं मी म्हणायचो.

गेल्या महिन्यात लेकीने शहरातून व्हिडिओ टाकला, 'माझ्या बाबांचा कारखाना', पक्षी कसे दाटीवाटीने कोंडलेत ते दाखवणारा. लाखोंनी पाहिला. सलूनमध्ये न्हाव्याने विचारलं, "काय कारखानदार, भोंगा किती वाजता?" हा तोंडाला साबण तसाच ठेवून हसला. कान मात्र लाल झाले.

"माझ्या आजीच्या अंगणात बारा कोंबड्या होत्या," तो मला म्हणाला. "सात कोल्ह्याने नेल्या, तीन मानमोडीच्या रोगाने, उरल्या दोन पाहुण्यांनी. त्याचं चित्र नाही कुणी काढलं! नाक मुरडणाऱ्यांना अंडं मात्र रोज पाहिजे." मग त्याने लेकीलाच फोन लावला. "घेऊन ये तुझी माणसं. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

तर आज ती आली होती, कॅमेरावाल्यासकट.

"शिट्टीने ते शांत होतात, बाबा. लोक म्हणतील, सजवून दाखवलं."

"अगं, सजवणं कसलं? कुणाच्या घरात शिरताना दार वाजवतो ना आपण?"

"एकदाच. जे आहे ते दिसू दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. जन्मभर जिभेला हाड नसलेला मी, नेमका तेव्हा गप्प. आत पंखे एकसुरी घरघरत होते. उगाच वाटलं, सहा हजार माना दाराकडे वळल्यात.

"बरं," तो म्हणाला. ओठांवरून हात फिरवून त्याने कडी काढली.

कॅमेऱ्याच्या दिव्याचा पांढराफटक उजेड आत पडला. क्षणभर काहीच हललं नाही. मग जमीनच उचलली गेल्यासारखं सगळं पांढरं उठलं आणि दूरच्या कोपऱ्यात कोसळलं, थरावर थर.

"दिवा विझव!" तो कॅमेरावाल्याला म्हणाला.

त्याला धावताही येईना. धावला असता तर उरलेलेही उसळले असते. पाय घासत, शिट्टी वाजवत तो चालत गेला. पहिल्यांदाच कुणी ऐकलं नाही. ढिगापाशी बसून तो वरचे पक्षी उचलून बाजूला सोडू लागला. लेकही गुडघ्यांवर बसली.

खालचे चारशे मेलेले निघाले. अंगं अजून गरम होती.

"तुझंही खोटं नाही गं," पहिली ढकलगाडी रिकामी करताना तो म्हणाला. "पळायला जागा असती, तर इतका ढीग झाला नसता."



रिकामी गाडी घेऊन आम्ही परत दाराशी आलो. लेक पुढे होती. कडीला हात लावून ती थांबली, ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. पुन्हा केला, पुन्हा हवाच.

तो मागे गाडीचा दांडा धरून उभा राहिला. त्याने स्वतः शिट्टी वाजवली नाही, आणि तिला घाईही केली नाही.