बाल्कनीतला ड्रम

कोपरापर्यंत हात खताच्या ड्रमात घालून ती तळ ढवळत होती, आणि वास होता की हटायचं नाव घेत नव्हता. हातात रबरी मोजे, नाकावर जुन्या चादरीची फाडलेली पट्टी, शेजारी सुक्या पानांचं पोतं. सगळं यथासांग होतं. नियमाप्रमाणे या ड्रमातून पावसानंतरच्या मातीसारखा वास यायला हवा होता. येत होता तो कुणीतरी आजारी माणूस खोलीत कोंडून ठेवल्यासारखा.

"वरच्या बाई!"

खालच्या मजल्यावरचे अध्यक्ष खिडकीतून मान वर करून उभे होते. ते इमारतीचे अध्यक्ष होते आणि बहुधा झोपेतही अध्यक्षच असत.

"बोला."

"काल माझ्याकडे पाहुणे आले होते. चहा अर्धा टाकून गेले. गॅस गळतोय का म्हणून विचारत होते."

"मी चुना टाकलाय. दोन दिवसांत बसेल वास."

"हे तुम्ही मागच्या आठवड्यातही म्हणालात. बाई, तुमचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण आदराला वास येत नाही. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः येऊन बघणार. तसाच असेल तर ड्रम खाली. सभेत ठरलंय तसं."

खिडकी बंद झाली. तिने हात वर काढला. मोज्याला पांढरट, चिकट असं काहीतरी लागलं होतं. तिने बोटांनी चोळून पाहिलं. भात. शिजवलेला भात, दुधात कालवलेला. या ड्रमात साली जात, देठं जात, चहाचा चोथा जाई. शिजवलेलं अन्न, त्यातही दूध, घालायचं नाही हे या घरातल्या भिंतींनाही पाठ होतं.

ती तशीच मोजे वर धरून आत गेली. नवरा बूट घालत होता.

"ड्रमात भात कोणी टाकला?"

"मी त्या ड्रमाच्या वाटेलाही जात नाही."

"मग काय तो आपोआप शिजला?"

"अगं, सोड ना आता तो ड्रम. तुझ्या सालींनी काही समुद्र खाली उतरणार नाहीये."

"तुझ्या आंघोळीने मात्र वर चढतोय."

तो हसला, आणि तिला त्या हसण्याचाच राग आला. भांडला असता तरी चाललं असतं. पण या घरात तिच्या सगळ्या खटाटोपाकडे लोक पाळलेल्या मांजराकडे बघावं तसं कौतुकाने बघत आणि पाय उचलून पलीकडे जात. नळाला तिने बारीक जाळी बसवली, तर भांडं भरेपर्यंत माणूस म्हातारा होतो म्हणे. चार्जरचं बटण बंद करायला सांगितलं, तर आता श्वासही बटणावर घेऊ का म्हणे. पिशव्या तीच धुणार, तीच वाळवणार, बाटल्यांची झाकणं तीच वेगळी करणार. पृथ्वी सगळ्यांची, आणि घासायची मात्र हिने एकटीने.

अपवाद एकच होता. सासरे.

बाबा बसचालक होते. आयुष्यभर वेळेवर निघायचं आणि सिग्नल मोडायचा नाही, एवढं एकच तत्त्व त्यांनी सांभाळलं. सासूबाई गेल्यावर ते इथे राहायला आले आणि घरातले नियमही त्यांनी रस्त्यावरच्या पाट्यांसारखेच मुकाट मान्य केले. खोलीत एकटे असले की दिवा लावत नसत. एक तांब्या पाण्यात तोंड, हात, पाय सगळं आवरत. आणि पानात काही टाकायचं नाही, हा या घरातला सर्वांत कडक नियम तर त्यांच्याइतका कुणीच पाळला नव्हता. ती सकाळी कामावर जाताना त्यांचं ताट वाढून, झाकून ठेवून जाई. संध्याकाळी येऊन बघावं तर ताट विसळून पालथं घातलेलं.

"बघ जरा," ती नवऱ्याला म्हणे, "बाबांकडून शिक. एक शीत उरत नाही."

बाबा मान खाली घालून हसत. इतकं सगळं संपतंय म्हणजे कमी पडत असेल, या विचाराने मग ती दुसऱ्या दिवशी एक डाव जास्तच वाढून ठेवी.

छापखान्यात शनिवारी अर्धाच दिवस असे. ती तिथे संगणकावर लेबलं, खोकी, स्टिकर यांची मांडणी करी. त्या शनिवारी ती आत शिरताच मशीनवरचा माणूस ओरडला,

"पर्यावरण आलं रे! पंखे घालवा!"

सगळे हसले. कुणी पंखा घालवला नाही. तिने मागे स्वतःच्या पैशांनी सगळ्यांसाठी काचेचे पेले आणले होते. आता त्यांतल्या एकात डिंक होता, एकात ब्रश, आणि चहा कागदी कपातच चालला होता. आज छपाईला होते ते ‘पृथ्वी वाचवा’ असे हिरवे गोल स्टिकर. छापून झाले की त्यांच्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चढवत होते.

"हे असं चालतं का?" ती मालकांना म्हणाली.

"गिऱ्हाइकाला टिकाऊ हवंय," मालक म्हणाले. "पृथ्वी वाचायला वेळ लागणार, तोवर स्टिकर टिकायला नको?"

मशीनवाल्याने तिचा चेहरा पाहिला आणि मशीनचा वेग कमी केला.

"काय झालं ताई? ड्रम अजून रुसलेलाच?"

"कोणीतरी त्यात शिजवलेलं अन्न टाकतंय."

"मग हा घातपात आहे. घरातलाच माणूस. सिनेमात शेवटी घरातलाच निघतो."

ती हसली नाही. संध्याकाळी अध्यक्ष येणार होते. त्याआधी सगळा माल बाहेर काढायचा, पानं मिसळायची, वारा द्यायचा, एवढं जमलं तर ड्रम वाचला असता. पापुद्र्याच्या स्टिकरांचा एक गठ्ठा टेबलावर तसाच ठेवून ती लवकर निघाली.

तिने किल्लीने दार उघडलं तेव्हा घरात कसलाच आवाज नव्हता. दिवा नाही, पंखा नाही. चप्पल काढता काढता तिला स्वयंपाकघराच्या पलीकडे, बाल्कनीत काहीतरी हललेलं दिसलं.

बाबा ड्रमासमोर उकिडवे बसले होते. काठी कठड्याला टेकवलेली. एका हाताने ड्रमाची कड धरून दुसऱ्या हातातल्या चमच्याने ते आत खड्डा करत होते. घाई नव्हती. खड्डा पुरेसा झाल्यावर त्यांनी शेजारचं ताट उचललं आणि तिरपं केलं. भात, भाजी, दुधात भिजवलेला पाव, सगळं हळूच खाली सरकलं. मग त्यांनी वरून माती ओढली. पोत्यातून मूठभर पानं घेतली, चुरली आणि पसरली. तळहाताने थोपटली. ओल्या थरावर नेहमी सुका थर द्यायचा. तिनेच शिकवलं होतं, ते आले त्या पहिल्या आठवड्यात, आणि ते नुसतं हं हं करत होते म्हणून ऐकत नाहीयेत असं तिला तेव्हा वाटलं होतं.

तिच्या तोंडात शब्द आले होते. कितीतरी दिवस साठलेले, वासासकट. अहो बाबा, तुम्ही? तुम्हीसुद्धा?

तेवढ्यात ते काठीचा आधार घेऊन उठले, आणि उठताना त्यांनी डाव्या हाताने विजारीची कंबर घट्ट धरली. धरली नसती तर ती खाली आली असती. ती विजार तिने स्वतः कमरेत आत घेतली होती. एकदा दिवाणखान्यात टीव्ही बघता बघता, आणि नंतर पुन्हा एकदा. कापड चांगलं आहे, नवीन कशाला घ्यायची, दोन टाके घातले की झालं, असं ती तेव्हा म्हणाली होती. आपल्या शिवणीवर खूषही झाली होती. कंबर का सैल होतेय, हे काही तिने विचारलं नव्हतं.

ती मागे सरकली. चपला हातात घेऊन बाहेर गेली, दार हलकेच ओढून घेतलं, आणि जिन्यात उभी राहिली. आतून पाण्याची बारीक धार ऐकू येत होती. जाळीतून येणारी. ताट विसळायला बराच वेळ लागला. मग तिने किल्ल्या मुद्दाम खणखणवत दार उघडलं.

"आज लवकर?" बाबा पलंगावर बसले होते.

"हो. जेवलात?"

"जेवलो की."

ताट ओट्यावर पालथं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ड्रमाकडे गेलीच नाही. मोजे खिळ्यावरच राहिले.

संध्याकाळी अध्यक्ष आले ते रुमाल हातात घेऊनच. नवरा त्यांच्या मागोमाग बाल्कनीत गेला. बाबा दाराशी खुर्चीत बसले होते, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. अध्यक्षांनी झाकण उचललं आणि लगेच ठेवलं.

"बाई, हे काय आहे?"

"वास येतोय," ती म्हणाली.

"ते मला खालूनही कळतं. कारण काय? तुम्ही तर म्हणायचात, नीट केलं तर वास येत नाही."

"नाही येत. नीट केलं तर."

"मग? कोणी काही टाकतंय का यात? तसं असेल तर सांगा. त्या माणसाला समज देऊ आणि ड्रमाला अजून एक महिना देऊ. मी काही राक्षस नाही."

काठीची मूठ किंचित फिरली. तिने तिकडे पाहिलं नाही.

"शिजवलेलं अन्न पडलंय त्यात," ती म्हणाली. "माझ्याकडून. अंदाज चुकला माझा. सोमवारी ड्रम उचलायला सांगते."

"तुझ्याकडून?" नवरा म्हणाला. "अगं, तूच त्या दिवशी मला..."

"माझ्याकडूनच."

अध्यक्षांनी पूर्ण तयारीने आणलेलं भाषण तसंच परत नेलं. जाताना जिन्यात ते म्हणाले, की हेतू चांगलाच होता. नवरा दार लावून वळला.

"इतके दिवस माझ्यावर संशय घेतलास, आणि शेवटी निघालीस तू? मला तर वाटलं होतं, तू त्या ड्रमासाठी कोर्टात जाशील."

"ताटं घे," ती म्हणाली. "जेवायला बसू."

तिघं बसले. बाबा नेहमीच्या जागी, भिंतीकडे पाठ करून. अध्यक्षांना काय सांगायचं याची जी वाक्यं तिने दुपारी छापखान्यापासून जुळवत आणली होती, त्यांतलं एकही आता आठवत नव्हतं. फक्त चिडचिड उरली होती, आणि ती कुणावर काढायची हे कळत नव्हतं. तिने भाताचा डाव भरला आणि सवयीने बाबांच्या ताटाशी नेला.

बाबांनी ताटावर हात आडवा धरला.

"थोडं कमी," ते म्हणाले.

डाव हवेत थांबला. नवऱ्याने मोबाइलवरून मान वर केली. तिने अर्धा भात पातेल्यात परत टाकला.

"एवढा?"

"अजून थोडा कमी."

तिने अजून काढला. डावात उरलं ते एखाद्या लहान मुलाचं जेवण होतं. बाबांनी हात बाजूला घेतला.

"बाबा, एवढंसं?" नवरा म्हणाला. "आणि तुझा नियम..."

"तुझं जेव," ती म्हणाली.

बाबा सावकाश जेवले. मधेच थांबत होते, तिच्याकडे बघत होते, पुन्हा घास घेत होते. भाजीत आज मीठ बरोबर आहे एवढंच म्हणाले, आणि ती हं म्हणाली. शेवटी त्यांनी ताट बोटांनी जरासं पुढे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

ती उठली. त्यांचं ताट तिने उचललं, त्यात काय उरलंय ते न बघता.