विवराच्या तळाशी

सौदीतल्या एका सुप्त ज्वालामुखीच्या विवरात उतरायचं, हे पूर्णिमा आणि मुनाफनं थंडी सुरू झाली तेव्हाच पक्कं केलं होतं. पूर्णिमा नाशिकची, दोह्यात गॅस कंपनीत भूशास्त्रज्ञ. मुनाफ त्यांच्या घरोब्यातला मित्र, रत्नागिरीचा, उंच इमारतींवर दोरानं लटकून जी कामं होतात, त्यांचा सुपरवायझर. प्रश्न पूर्णिमाच्या नवऱ्याचा, श्रेयसचा होता. तो आयटीतला. दोह्याजवळच्या अल वक्रातल्या घराचा जिनासुद्धा त्याला जिवावर यायचा.

"वहिनी, ह्याला आधी सराव हवा," मुनाफ म्हणाला. "इथंच वाळवंटात जमीन खचून झालेलं एक विवर आहे. यल्ला, चला, शुक्रवारी जाऊ."

शुक्रवारी सकाळी डांबरी रस्ता सोडून गाडी खडकाळ माळावर बरीच आत गेली. दुरून काहीच दिसत नव्हतं, आणि मग एकाएकी पुढची जमीनच संपली. खाली ढासळलेल्या दगडांचा तिरका उतार होता. त्यापुढे काळोख.

"किती खोल असेल गं?" श्रेयसनं विचारलं आणि पायाजवळचा एक दगड आत भिरकावला. आवाज यायला वेळ लागला. त्याला गंमत वाटली. त्यानं दुसरा टाकला, मग त्याहून मोठा.

"पुरे रे! वटवाघळं असतील आत," पूर्णिमा ओरडली.

मुनाफनं गाडीला दोर बांधला. त्याची बायको तसनीम वर गाडीपाशी थांबली. पुढे मुनाफ, मध्ये श्रेयस, मागे पूर्णिमा, अशी तिघं उतरू लागली. हळूहळू वरचं ऊन मागे राहिलं, हवा दमट झाली. श्रेयसला आता मजा येत होती. तो स्वतःचेच व्हिडिओ काढत होता.

तेवढ्यात मुनाफ थबकला.

"कोणीतरी आहे खाली."

"काहीतरी काय!" श्रेयस हसला.

मुनाफनं टॉर्च वळवला. आधी एक चप्पल दिसली. मग भलत्याच बाजूला वळलेला पाय. मग चेहरा. डोळे उघडे होते. ते मिटले आणि पुन्हा उघडले.

दोर सोडून पूर्णिमा दगडांवरून घसरतच त्या माणसापाशी पोचली. त्याचे ओठ फुटून काळे पडले होते. तिनं बाटलीच्या झाकणानं थोडं थोडं पाणी त्याला पाजलं. बऱ्याच वेळानं तो बोलला. आवाज घशातच राहत होता.

त्याचं नाव कासम. राजस्थानातल्या बाडमेरचा. इथं एकाच्या मेंढ्या राखायचा. परवा संध्याकाळी एक कोकरू आत पडलं, त्याला काढायला तो उतरला आणि दगडासकट खाली आला. पाय मोडला, फोन फुटला. ओरडून ओरडून घसा बसला. कोकरू बाजूलाच मरून पडलं होतं.

त्याच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं. ताजं, लालभडक. पूर्णिमानं रुमाल दाबला.

"ये कब लगा?"

"अभी। ऊपर से पत्थर आया।"

श्रेयसच्या हातातला मोबाइल खाली पडला.

"मैंने... वो मैंने फेंके थे," तो म्हणाला.

कासमनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

"मैं तो मन में बोल रहा था, और फेंको," तो म्हणाला. "बस, जाना मत।"

आपण वर हसत होतो आणि हा खाली दगड मोजत पडला होता, हे श्रेयसच्या डोक्यात शिरत होतं आणि तरी शिरत नव्हतं.

"श्रेयस, जॅकेट काढ. त्याच्या अंगावर घाल," पूर्णिमानं दरडावलं तेव्हा कुठे तो हलला.

मुनाफ अर्ध्यावर चढून ओरडला. तसनीमनं वरून फोन लावला. बचावपथक येईपर्यंत श्रेयसनं कासमचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पथकाची माणसं उतरू लागली तशी वरून खडी निसटायला लागली. श्रेयस त्याच्या तोंडावर ओणवा झाला आणि त्याला स्ट्रेचरवर घेईपर्यंत तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी श्रेयस आणि पूर्णिमा हॉस्पिटलमध्ये गेली. पायाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, चालेल तो, पण वेळ लागेल. कासमनं घरी फोन लावायला मोबाइल मागितला. श्रेयसनं आपला दिला.

"अम्मी? हाँ, मैं। नेटवर्क नहीं था," पडल्या पडल्या कासम सांगत होता. "तबीयत को क्या होना है? खाना खा लिया। भेड़ें भी सब ठीक हैं।"

बोलताना तो हसलासुद्धा. मग त्यानं फोन परत दिला. पूर्णिमा खिडकीकडे वळली. श्रेयस फोन हातात धरून स्टुलावर बसून राहिला. भेटीची वेळ संपली म्हणून नर्स सांगून गेली, पुन्हा येऊन सांगून गेली, तरी तो उठला नाही.