उलट्या घडीची चादर

इस्त्रीवाल्या बाईच्या जिभेला हाड नव्हतं आणि तिचा नवरा होता डावखुरा. तीस वर्षं दोघांनी मिळून चर्चचे कपडे धुतले. तो घडी उलटी घालायचा, शिवण बाहेर. ती लगेच उलगडून पुन्हा घालायची.

"अहो, तुमची मदत म्हणजे मला दुप्पट काम!" हे तिचं त्याच्याशी शेवटचं बोलणं. त्या दुपारी तो चादर ओढून झोपला तो उठलाच नाही. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ नुकताच लागला होता.

चाळीस दिवस ती चादर खाटेवर तशीच विस्कटलेली पडून होती. जगाचे कपडे धुणाऱ्या बाईनं तेवढी एक धुतली नाही. धाकटी बहीण एकदा "ताई, दे मी धुते" म्हणाली, तर हिनं तिला असं काही झापलं की बिचारी पुन्हा त्या खोलीत फिरकली नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, फादर वेदीची वस्त्रं न्यायला आले.

"फादर, येशूच्या रिकाम्या कबरीत डोक्याचा रुमाल वेगळा घडी करून ठेवलेला सापडला म्हणता. मरणातून उठलेल्या माणसाला घड्या घालायला कुठली सवड?"

फादर हसले. "घाई चोराला असते, बाई. त्याला कसली घाई?"

आमचे हे माझ्यावर रुसून गेले असतील का हो, हे तिला खरं विचारायचं होतं. तिनं वस्त्रांचा गठ्ठा पुढे केला. "जपून न्या, चुरगळतील," एवढंच म्हणाली.

रविवारी पहाटेची उपासना आटोपून ती घरी आली. किल्ली तिच्या कमरेलाच होती. कुलूप काढलं, तर आत ताज्या इस्त्रीचा वास. इस्त्री मात्र गार, आणि टेबलाच्या डाव्या अंगाला ठेवलेली. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"कोण आहे?"

ती आत गेली. आतल्या खोलीत खाट मोकळी होती. उशाशी चादर, नीट घडी केलेली, शिवण बाहेर. उशीचा अभ्रा वेगळा, बाजूला, त्याचीही घडी. तिनं हात ठेवला. कापड ऊबदार होतं.

सवयीची बोटं घडी उलगडायला कोपऱ्यात शिरलीच. तिथंच ती थांबली.

"राहू द्या," ती रिकाम्या खाटेला म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "छान घातलीत हो."

तीस वर्षांत हे ती त्याला पहिल्यांदाच म्हणत होती.